आजोबा, नातू आणि निलंग्याची आमदारकी

१६ ऑक्टोबर २००४ रोजी महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी झाली. लातूर जिल्ह्याच्या कर्नाटक सीमेवरच्या निलंगा मतदारसंघात त्या दिवशी राज्याचे माजी मुख्यमंत्री पडले. डॉ. शिवाजीराव पाटील निलंगेकर तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात महसूल खातं सांभाळत होते. त्यांना पाडणारा उमेदवार भारतीय जनता पक्षाचा होता आणि त्याने तिशीही गाठलेली नव्हती. त्याचं नाव संभाजी पाटील निलंगेकर. तो शिवाजीरावांच्या मुलाचा मुलगा.

नातवाने आजोबांना पाडलं, एवढ्या एका वाक्यात ही बातमी महाराष्ट्रभर गेली. घराण्यातली भांडणं मराठी वाचकाला नवी नाहीत, त्यामुळे ती वाचून लोक पुढे गेले. मला मात्र त्या निकालात नांदेड-लातूर पट्ट्यातला एक जुना, न सुटलेला प्रश्न दिसतो. वय झालेल्या, पदावर असलेल्या नेत्याने पुन्हा उभं राहायचं की थांबायचं, आणि हे ठरवायचं कोणी? त्या वर्षी लातूरच्या मतदारांनी हा निवाडा एकदा नव्हे, दोनदा केला. दोन्ही वेळा समोरचा उमेदवार निलंगेकरांच्याच घरातला होता.

मराठवाड्यात एका माणसाने हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. १९६२ नंतर ते निवडणुकीच्या राजकारणात राहिले नाहीत. तेव्हा त्यांनी साठीही ओलांडलेली नव्हती. १९७२ मध्ये त्यांचं निधन झालं. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. पण त्यांच्यानंतर आलेल्या पिढीने त्यांचा हा कित्ता गिरवला नाही, आणि त्याला कारणं होती.

स्वामीजींना घरदार नव्हतं. नंतरच्या नेत्यांच्या मागे घर होतं, आणि घराहून मोठा पसाराही होता. आमदार म्हणजे मुंबईत बसणारा प्रतिनिधी एवढंच मराठवाड्यात कधी नव्हतं. शाळा-कॉलेज, जिल्हा बँक, बाजार समिती, साखर कारखाना, पाझर तलाव, रस्ता, बदली, दवाखान्यातली खाट, या सगळ्यांसाठी लोक एकाच दारात जायचे. निलंग्यात महाराष्ट्र महाविद्यालय उभं राहिलं, अंबुलग्याच्या सहकारी साखर कारखान्याला डॉ. शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचं नाव लागलं. असा पसारा आमदारकीच्या आधाराने उभा राहतो आणि आमदारकीच्याच आधाराने टिकतो. नेता थांबला की त्याच्यावर पोट आणि प्रतिष्ठा अवलंबून असलेले शेकडो कार्यकर्ते उघड्यावर येतात. म्हणून 'साहेब, अजून एक टर्म' हा आग्रह पहिल्यांदा त्यांच्याकडूनच येतो. नेत्याच्या सत्तेच्या हौसेला दोष देणं सोपं आहे, पण त्या हौसेला खालून खांदा देणारे हात मोजल्याशिवाय हा इतिहास समजत नाही.

शिवाजीराव १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आले. पुढे मंत्री झाले. वसंतदादा पाटलांनी राजीनामा दिल्यावर जून १९८५ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. तेव्हा लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. मुख्यमंत्रिपद मात्र नऊ महिनेच टिकलं. मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी आले तेही मराठवाड्याचेच, नांदेडचे शंकरराव चव्हाण.

एवढा मोठा धक्का बसल्यावर दुसऱ्या एखाद्या राज्यात माणूस घरी बसला असता. शिवाजीराव बसले नाहीत. मतदारसंघात त्यांची पकड होतीच. मुख्यमंत्रिपद गेल्यावर सतरा वर्षांनी, २००३ मध्ये, शिंदे यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी महसूलमंत्रिपद घेतलं. एकदा मुख्यमंत्री झालेल्या माणसाने दुसऱ्याच्या हाताखाली मंत्री व्हावं का, यावर तेव्हा चर्चा झाली. त्याआधी शंकररावांनीही हेच केलं होतं. पहिल्यांदा मुख्यमंत्रिपद भूषवल्यावर १९७८ मध्ये ते शरद पवारांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले होते. या पिढीला पद लहान वाटत नव्हतं. पदाबाहेर असणं तिला सोसवत नव्हतं.

लातूरचे दुसरे ज्येष्ठ नेते शिवराज पाटील चाकूरकर. लातूरचे नगराध्यक्ष, आमदार, विधानसभेचे अध्यक्ष अशा पायऱ्या चढत ते १९८० मध्ये लोकसभेवर गेले आणि १९९९ पर्यंतच्या सलग सात निवडणुका त्यांनी लातूरमधून जिंकल्या. १९९१ ते १९९६ या काळात ते लोकसभेचे अध्यक्ष होते. संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. दिल्लीत त्यांचा मान मोठा होता. पण दिल्लीतला मान आणि गावातली ये-जा या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असं नाही.

या दोघांच्या नंतरच्या पिढीचे विलासराव देशमुख. १९९५ मध्ये लातूरकरांनी त्यांनाही घरी बसवलं होतं. जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर यांनी त्यांचा मोठा पराभव केला. त्या पराभवातून विलासराव शहाणे झाले, गावोगाव फिरले आणि १९९९ मध्ये निवडून येऊन मुख्यमंत्री झाले. लातूरचा मतदार पाडतो आणि परत उचलूनही घेतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

याच काळात भाजपचं बळ मराठवाड्यात वाढत होतं. गोपीनाथ मुंडे १९९५ ते १९९९ उपमुख्यमंत्री राहिले होते आणि काँग्रेसच्या मातब्बर मराठा घराण्यांतली माणसं आपल्याकडे यावीत, याकडे भाजपचं लक्ष होतं. काँग्रेसमधल्या तरुणांपुढे अडचण उघड होती. मोठ्या घरात मोठा माणूस उभा असेपर्यंत दुसऱ्याला तिकीट मिळत नाही. तिकीट हवं असेल तर वाट पाहायची किंवा पक्ष बदलायचा. निलंगेकरांच्या घरातल्या दिलीपराव पाटलांच्या, म्हणजे संभाजींच्या वडिलांच्या, शाखेने भाजपचा रस्ता धरला. शिवाजीराव काँग्रेसमध्येच राहिले, त्यांचे दुसरे पुत्र अशोकरावही काँग्रेसमध्येच राहिले. एका घरातून दोन पक्ष निघाले. त्यामागे घरातल्या आतल्या गोष्टी काय होत्या हे बाहेरच्याने सांगू नये. पण ज्येष्ठाने जागा मोकळी न करणं हे एक कारण असल्याशिवाय ही फाळणी इतकी पक्की झाली नसती, असं माझं मत आहे.

२००४ च्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक झाली. लातूरमध्ये भाजपने शिवाजीरावांच्या सूनबाईंना, रुपाताई पाटील निलंगेकर यांना, शिवराज पाटलांविरुद्ध उभं केलं. सासरे काँग्रेसचे मंत्री आणि सून काँग्रेसच्या सर्वांत मोठ्या दिल्लीकर नेत्याची प्रतिस्पर्धी, असा हा सामना होता. १३ मे रोजी निकाल आला. देशभर वाजपेयी सरकार पडलं आणि काँग्रेस सत्तेवर आली, पण लातूरमध्ये काँग्रेसचा बुरूज ढासळला. सात वेळा निवडून आलेले शिवराज पाटील सुमारे तीस हजार मतांनी हरले.

पुढे जे झालं ते लातूरच्या मतदाराने आजही विसरू नये असं आहे. ज्याला मतदाराने घरी पाठवलं त्याला पक्षाने देशाचा गृहमंत्री केलं. मनमोहनसिंग यांच्या मंत्रिमंडळात शिवराज पाटलांना गृह खातं मिळालं आणि जुलैमध्ये ते राज्यसभेवर गेले. पराभूत माणसाने मंत्री होऊ नये असा नियम आपल्या घटनेत नाही, आणि शिवराज पाटलांचा संसदीय अनुभव वादातीत होता. तरीही माझ्या मते हा मतदाराच्या निवाड्याचा अनादर होता, आणि त्याची किंमत स्वतः शिवराज पाटलांनीच चुकवली. ज्याच्यामागे मतदारसंघ उभा नाही तो मंत्री संकटात एकटा पडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर ते पंजाबचे राज्यपाल झाले, पण लोकसभेची निवडणूक त्यांनी पुन्हा लढवली नाही.

मे महिन्यात सुनेने एक ज्येष्ठ पाडला आणि ऑक्टोबरमध्ये नातवाने दुसरा. राज्यात त्या वेळी काँग्रेस-राष्ट्रवादीचीच सत्ता पुन्हा आली आणि विलासराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. म्हणजे वारं काँग्रेसच्या विरुद्ध नव्हतं. निलंग्याने नाकारला तो पक्ष नव्हता, असंच म्हणावं लागतं.

शिवाजीराव इथे थांबले असते तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती. ते थांबले नाहीत. २००९ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा उमेदवारी अर्ज भरला. समोर पुन्हा नातू. या वेळी आजोबा जिंकले. पाच वर्षांपूर्वी ज्या मतदारांनी त्यांना उतरवलं त्यांनीच त्यांना पुन्हा चढवलं. मराठवाड्याच्या निवडणुकांच्या इतिहासात मला तरी याला तोड दिसत नाही. एकाच घरातले दोन उमेदवार, पन्नास वर्षांच्या आसपास वयाचं अंतर, दोन सामने आणि एक-एक बरोबरी. गावात म्हाताऱ्या माणसाला शेवटची संधी देण्याची भावना असते, ती या निकालात होती असं मला वाटतं. पण नुसत्या भावनेने ७८ वर्षांचा उमेदवार निवडून येत नाही. त्यामागे संस्था होत्या, जुने कार्यकर्ते होते आणि पाच वर्षं पडेल आमदार म्हणून लोकांत बसलेला माणूस होता.

त्याच निवडणुकीत पस्तीस-चाळीस किलोमीटरवर लातूर शहरात नेमकी उलटी गोष्ट घडत होती. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत लातूरचे शहर आणि ग्रामीण असे दोन भाग झाले. विलासराव दिल्लीला, राज्यसभेवर आणि केंद्रात मंत्री म्हणून गेले. लातूर शहरातून त्यांचे पुत्र अमित देशमुख पहिल्यांदा आमदार झाले. विलासराव तेव्हा ६४ वर्षांचे होते. बापाने हयातीत जागा मोकळी केली आणि मुलाला पक्ष बदलावा लागला नाही. विलासराव १४ ऑगस्ट २०१२ रोजी गेले, पण लातूर शहर त्या घराकडेच राहिलं. घराणेशाहीचं हे समर्थन नाही. जागा वेळेवर मोकळी झाली तर पक्ष फुटत नाही, एवढंच यातून दिसतं.

नांदेडमध्ये शंकरराव चव्हाणांनी हाच मार्ग फार आधी काढला होता. १९८६ मध्ये ते मुख्यमंत्री म्हणून राज्यात परतले तेव्हा त्यांची नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र अशोक चव्हाण तिथून निवडून आले, समोर प्रकाश आंबेडकर होते. शंकरराव नंतर राज्यसभेत बसले, केंद्रात अर्थमंत्री आणि गृहमंत्री झाले आणि २००२ पर्यंत संसदेत राहिले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचं निधन झालं. राज्यसभा हे आपल्याकडे ज्येष्ठांना न दुखावता बाजूला घेण्याचं साधन झालं ते असं. पण ते साधन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही आणि मुलाचं यशही त्याने पक्कं होत नाही. अशोक चव्हाण १९८९ मध्ये जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांच्याकडून पडलेच.

आमच्या हिमायतनगरकडे, म्हणजे जुन्या वाढोण्याकडे पाहिलं तर चित्र आणखी निराळं आहे. हा तालुका हदगाव विधानसभा आणि हिंगोली लोकसभेत येतो. सूर्यकांता पाटील १९८० मध्ये हदगावच्या आमदार झाल्या. पुढे राज्यसभा, नांदेड आणि हिंगोलीची खासदारकी, केंद्रात राज्यमंत्रिपद असा मोठा प्रवास त्यांनी केला. २००९ मध्ये हिंगोलीत शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांनी त्यांना हरवलं. त्यापूर्वी वानखेडे सलग तीन वेळा हदगावचे आमदार होते. २०१४ मध्ये तेही राजीव सातव यांच्याकडून अवघ्या १,६३२ मतांनी हरले. २००९ पासून हदगावने प्रत्येक वेळी पक्ष बदलला आहे. काँग्रेसचे माधवराव जवळगावकर, शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर, पुन्हा जवळगावकर आणि २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे बाबुराव कदम कोहळीकर. इथे कोणी म्हातारा होईपर्यंत आमदार राहातच नाही, त्यामुळे निवृत्तीचा प्रश्न उभाच राहत नाही. सूर्यकांताताईंनी मात्र राजकारण सोडलं नाही. २०१४ मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या आणि जून २०२४ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, शरद पवारांच्या पक्षात परत आल्या.

उतारवयातही न थांबणं हे आपल्याकडेच आहे असं समजण्याचं कारण नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये स्ट्रॉम थर्मंड वयाची शंभरी गाठेपर्यंत बसले. चक ग्रासली २०२२ मध्ये ८९ व्या वर्षी पुन्हा निवडून आले. डायन फाइन्स्टाइन यांनी पुढची निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं, पण चालू मुदत सोडली नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पदावर असतानाच, नव्वदीत, त्यांचं निधन झालं. तिथेही 'साहेब, अजून एक टर्म' म्हणणारे आहेतच, फक्त भाषा वेगळी आहे. आपल्याकडे इंदूरच्या मराठी खासदार सुमित्रा महाजन आठ वेळा निवडून आल्या होत्या. २०१९ मध्ये पंचाहत्तरी ओलांडल्यावर पक्ष उमेदवारी जाहीर करेना, तेव्हा त्यांनी स्वतःच पत्र लिहून आपण लढणार नसल्याचं कळवलं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि नव्वदी पार केल्यावर २०१९ मध्ये थांबले. त्यांच्या जागी उभा राहिलेला नातू त्या वेळी ७६८ मतांनी हरला. आजोबा खूप उशिरा थांबले की नातवाला उभं राहायला जमीन कमी उरते, हे सांगोल्यानेही दाखवलं.

निलंग्यात शिवाजीराव २०१४ मध्ये थांबले. ८३ वर्षं झाली होती. काँग्रेसची उमेदवारी अशोकरावांना मिळाली. काका आणि पुतण्या समोरासमोर आले आणि पुतण्या जिंकला. २०१९ मध्ये पुन्हा तीच लढत आणि तोच निकाल. पण या घरगुती लढतींचे परिणाम घराच्या उंबरठ्यावर थांबले नाहीत. २०१६ मध्ये संभाजी पाटील कॅबिनेट मंत्री आणि लातूरचे पालकमंत्री झाले. २०१७ मध्ये लातूर जिल्हा परिषद पहिल्यांदा भाजपकडे गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूर महापालिकेत, जिथे आधीच्या सभागृहात भाजपचा एकही नगरसेवक नव्हता, तिथे ७० पैकी ३६ जागा भाजपने जिंकल्या. काँग्रेस ३३ वर थांबली. दोन माजी मुख्यमंत्र्यांच्या आणि एका गृहमंत्र्याच्या जिल्ह्यात हे घडलं. निलंग्याच्या घरातून २००४ मध्ये जी वाट फुटली, तिचा हा पुढचा टप्पा होता.

शिवाजीराव ५ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात गेले. वय ८९. शेवटच्या आजारात करोनाचीही झुंज होती. आयुष्यभर विरोधी पक्षांशी लढलेल्या या माणसाला उतारवयात स्वतःच्या नातवाशी दोनदा लढावं लागलं. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी ते सोपं नव्हतं, आणि त्यांनी ते पराभव पचवून केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण २००४ मध्येच त्यांनी जागा मोकळी केली असती तर काँग्रेसचा इतिहास लातूरमध्ये वेगळा लिहिला गेला असता, असंही मला वाटतं.

शिवराज पाटील चाकूरकर १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूरमध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. त्यांच्या स्नुषा अर्चना पाटील चाकूरकर यांनी २०२४ मध्ये भाजपमध्ये प्रवेश केला होता आणि लातूर शहरात अमित देशमुखांशी चुरशीची लढत देऊन त्या हरल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी चाकूरकरांना भाजपच्या तिकिटावर एका काँग्रेस घराण्याच्या सुनेने हरवलं होतं. आता त्यांच्या स्वतःच्या घरातली सून त्याच पक्षाच्या तिकिटावर लढत होती.

२०२४ मध्येच नांदेडला सगळ्यांत करुण प्रकरण घडलं. अशोक चव्हाण फेब्रुवारीत भाजपमध्ये गेल्यावर काँग्रेसने नायगावचे माजी आमदार वसंतराव चव्हाण यांना लोकसभेला उभं केलं. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले वसंतराव निवडून आले आणि तीन महिन्यांच्या आत, २६ ऑगस्टला, हैदराबादेत उपचार सुरू असताना गेले. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीला दिल्या.

निलंग्यात २०२४ ची लढत संभाजी पाटलांसाठी पाचवी होती. पहिल्या दोन वेळा समोर आजोबा होते, पुढच्या दोन वेळा काका. या वेळी काँग्रेसने अभय साळुंके यांना उमेदवारी दिली. संभाजी पाटील जिंकले. पण २००४ पासून पहिल्यांदाच निलंग्याच्या मुख्य लढतीत दुसऱ्या बाजूला निलंगेकर नव्हता.